मैत्रीची पाळी कुणाची? नायगाव तालुक्यातल्या तंटामुक्त समित्यांना खुलं पत्र

प्रति,
तंटामुक्त गाव समित्यांचे अध्यक्ष, पोलीस पाटील आणि शांतता समितीचे सदस्य,
नायगाव तालुका, जिल्हा नांदेड.



आंबेडकर जयंती असो, गणेशोत्सव असो, मोहरम असो की शिवजयंती, सणाच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक बसते. मिरवणुकीचा मार्ग ठरतो, डीजे किती वाजता बंद करायचा ते ठरतं, फलक कुठं लावायचा यावरून होणारी भांडणं तिथल्या तिथं मिटवली जातात. मागच्या वर्षी ज्यांनी गोंधळ घातला त्यांच्यावर प्रतिबंधक कारवाई होते. नव्या कायद्यात कलमाचा आकडा १२६ झाला, तरी जुनी माणसं तिला अजून ‘एकशे सात’च म्हणतात. चहा होतो, बैठक संपते आणि सण बहुतेक वेळा शांततेत पार पडतो. हे काम मोठं आहे आणि ते करणाऱ्यांचे आभार फारसं कुणी मानत नाही. ते या पत्रात आधी मानायला हवेत.

पण सण संपल्यावर काय उरतं, हेही आपल्याला ठाऊक आहे. दोन वस्त्यांतली बोलाचाली पूर्ववत होत नाही. कुणाच्या तरी मोबाइलवरचं स्टेटस कुणाच्या तरी मनात घर करून बसतं. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात अशाच एका स्टेटसवरून शहर पेटलं. त्याच महिन्याच्या पहिल्या दिवशी नांदेडला लागून असलेल्या बोंढार हवेलीत एका बौद्ध तरुणाचा खून झाला. गावात आंबेडकर जयंती साजरी केल्याचा राग त्यामागं होता, असा कुटुंबाचा आरोप आहे. जयंती एप्रिलात झाली होती आणि खून जूनमध्ये झाला. मधल्या काळात त्या गावात बंदोबस्ताचं काही काम उरलं नव्हतं. द्वेष मात्र तिथंच होता, असं त्या आरोपावरून दिसतं. या मधल्या दिवसांसाठी आपल्या समित्यांकडं आज काहीच साधन नाही. त्यासाठीच हे पत्र.

मागणी साधी आहे. समितीच्या सदस्यांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून पंधरा-वीस मिनिटं मैत्री भावनेचा सराव करावा. विपश्यना शिबिरांत तिला मंगल मैत्री म्हणतात, बुद्धविहारांत मेत्ता भावना म्हणतात. श्वासावर मन स्थिर करायचं, मग आधी स्वतःचं, मग जिवलगाचं, मग ओळखीपाळखीच्या माणसाचं आणि शेवटी ज्याचा राग येतो त्याचं भलं मनापासून चिंतायचं, इतकंच हे ध्यान आहे. हे वाचून काहींना हसू येईल. इथं रक्त सांडलं आहे आणि डोळे मिटून बसायला कसले सांगता, असंही कुणी म्हणेल. त्या प्रश्नाला टाळून पुढं जाता येणार नाही, कारण इथं खरोखरच रक्त सांडलं आहे.

नायगाव स्वतंत्र तालुका होण्याआधी हा सगळा भाग बिलोलीत मोडायचा. त्याच बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे मारले गेले. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले ते पहिल्या फळीतले हुतात्मे. पुढची दोन वर्षं रझाकारांच्या दहशतीची. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं आणि त्या दिवसाचा आनंद मराठवाडा दरवर्षी साजरा करतो, तो रास्तच आहे. मात्र त्यानंतरच्या काही आठवड्यांत काय घडलं ते आपण मुलांना सांगत नाही. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं वर्षअखेरीस या भागाचा दौरा केला. सूड म्हणून मुसलमानांच्या झालेल्या कत्तलींत कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मेली असावीत, असा अंदाज तिनं नोंदवला. सर्वाधिक झळ पोचलेले चार जिल्हे तिनं सांगितले, ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. रझाकारांनी छळलेली गावं आणि त्यांच्या नावानं ज्यांना कापलं गेलं ती निरपराध माणसं याच जिल्ह्यातली होती.

तीस वर्षांनी पुन्हा तेच. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या शेकडो गावांत दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जळाली, विहिरी नासवल्या गेल्या, माणसं रानोमाळ झाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना त्या ऑगस्टमध्ये जमावानं क्रूरपणे ठार केलं. नामांतरासाठी पुढं सोळा वर्षं लढा चालला. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं वेगळं विद्यापीठ उभं राहिलं. आज नायगावातल्या कॉलेजात शिकणारी मुलं त्याच विद्यापीठाची पदवी घेतात, आणि पोचिराम कांबळे कोण होते हे त्यांतल्या कितींना ठाऊक असेल याची काळजी वाटते.

हा इतिहास जखमा उकरण्यासाठी सांगितलेला नाही. मैत्रीचा उपदेश आजवर कुणाला केला गेला, हे त्यातून दिसावं म्हणून तो सांगितला.

गावात काही घडलं की समजूत घालायला माणसं जातात ती मार खाल्लेल्याच्या घरी. झालं गेलं विसरा, गावात राहायचंय, केस मागं घ्या. मारणाऱ्याच्या ओट्यावर बसून त्याच्या मनातला द्वेष काढण्याची बैठक भरल्याचं सहसा ऐकू येत नाही. मैत्रीचं ओझं असं नेहमी एकाच खांद्यावर येतं. आणि तो खांदा तर ते फार पूर्वीपासून वाहत आला आहे.

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन परतलेल्या माणसांवर गावात हल्ला झाला. त्यांच्यात सैन्यातून निवृत्त झालेले धट्टेकट्टे लोक होते आणि हात उचलायला ते तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. पुढं १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी त्यांच्यासोबत धम्मदीक्षा घेतली. त्या दिवशीच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यावर येऊ दिलं नव्हतं, त्यांनी ती घेतली. संविधान सभेत बाबासाहेब बंधुतेबद्दल बोलले होते. पण बुद्धानं सांगितलेली मैत्री त्यांना बंधुतेहूनही मोठी वाटे, आणि लोकशाहीचं मूळ त्यांनी त्या मैत्रीतच पाहिलं. त्याच्याही शेकडो वर्षं आधी मराठवाड्यातच, पैठणजवळच्या आपेगावात, ज्ञानेश्वरांचं घराणं होतं. आई-वडिलांना वाळीत टाकलं गेलं, भावंडं पोरकी झाली, आणि त्याच मुलानं ज्ञानेश्वरीच्या शेवटी साऱ्या विश्वासाठी मागणं मागितलं. दुष्टांचा नाश मागण्याऐवजी त्यांचा दुष्टपणा जावा असं मागितलं. शाळेच्या परिपाठात पसायदान म्हणताना या मुलाच्या घराला गावानं काय वागणूक दिली होती, हे सांगितलं जायला हवं.

थोडक्यात, ज्यांना जखमा झाल्या त्यांनी मैत्रीचा आपला वाटा केव्हाच दिलेला आहे. पाळी आता बाकीच्यांची आहे. ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे, ज्यांच्या नातलगांची पोरं मिरवणुकीत पुढं असतात, त्यांची. म्हणजे बहुतांशी आपल्या समित्यांची. म्हणूनच हे पत्र बुद्धविहारांच्या पत्त्यावर न जाता आपल्या पत्त्यावर आलं आहे.

आता सरावाचं. पाचव्या शतकात श्रीलंकेत अनुराधपूरच्या महाविहारात बसून आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली ग्रंथ लिहिला. मैत्री भावनेचं इतकं बारकाईनं केलेलं विवेचन क्वचितच सापडेल. पहिल्याच दिवशी वैऱ्यापासून सुरुवात करू नका, असं त्यात सांगितलं आहे. मन थकतं आणि राग उलट वाढतो. सुरुवात स्वतःपासून. आपल्याला सुख हवं आहे, दुःख नको आहे, हे स्वतःशी नीट उमगलं की दुसऱ्याचंही तसंच असणार हे कळतं. मग आदराचं माणूस, मग जिवलग. त्यानंतर तटस्थ माणूस येतं, ज्याच्याबद्दल आपल्याला ना प्रेम ना राग. नांदेड-देगलूर बसचा कंडक्टर, बाजारच्या दिवशी शेजारी टोपली मांडून बसणारी बाई. वैरी अगदी शेवटी.

आणि वैऱ्यापाशी येऊन मन अडलं तर? बुद्धघोष रागावत नाहीत, एकामागून एक उपाय सांगतात. राग धरून आपण आपलंच नुकसान करतो आहोत, हे पाहा. त्या माणसाचं एखादं तरी चांगलं वागणं आठवा. आपण रागावलो आहोत ते नेमकं कशावर, त्याच्या केसांवर, नखांवर, की हाडांवर, असं मनाला विचारा. एवढं करूनही जमलं नाही तर त्या माणसाला काहीतरी द्या, किंवा त्याच्याकडून काहीतरी घ्या. या शेवटच्या उपायात फार मोठं शहाणपण आहे. गावाकडची माणसं ते पुस्तक न वाचताही जाणतात. अबोला धरलेल्या घरी संक्रांतीचा तिळगूळ किंवा ईदचा शीरखुर्मा पाठवतात तेव्हा हेच होत असतं.

याच ग्रंथात मैत्री पक्की झाली की नाही हे तपासायची एक कसोटी आहे. चौघे बसले आहेत, आपण स्वतः, आपला जिवलग, एक तटस्थ आणि एक वैरी. दरोडेखोर येतात आणि बळी देण्यासाठी चौघांतला एक मागतात. वैऱ्याकडं बोट दाखवलं तर मनातली आपपरभावाची भिंत अजून उभी आहे. स्वतःला पुढं केलं तरी ती उभीच आहे, कारण स्वतःचंही भलं आपण चिंतत नाही. चौघांपैकी एकाकडंही बोट दाखवता येऊ नये, तेव्हा भिंत पडली. हा प्रसंग समितीच्या बैठकीत मोठ्यानं वाचावा आणि चौघांच्या जागी आपल्याच गावच्या चार वस्त्या ठेवून पाहाव्यात. कुठल्या वस्तीकडं बोट चटकन जातं, हे ज्यानं त्यानं मनात पाहावं, बोलून दाखवायची गरज नाही.

नुसती चर्चा करून भागत नाही, याला आधुनिक पुरावाही आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात यूना कांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटानं सहा आठवडे मैत्री भावनेचा सराव केला, दुसऱ्या गटानं तेवढाच काळ तिच्यावर नुसती चर्चा केली. कृष्णवर्णीय आणि बेघर माणसांबद्दलचा नकळत बाळगलेला आकस सराव करणाऱ्यांमध्ये कमी झालेला आढळला. चर्चा करणाऱ्यांमध्ये तो कमी झाला नाही. सद्भावनेवर भाषणं आपल्याकडं पुष्कळ होतात. हा अभ्यास दूरदेशीचा आणि छोटा आहे, जातीवर तो झालेला नाही. तरी भाषण आणि सराव यांतला फरक त्यानं दाखवला, तो आपल्या कामाचा आहे.

एक इशारा इथं द्यायलाच हवा. विपश्यना भारतात परत आली ती म्यानमारमधून. मंडाले इथं जन्मलेल्या सत्यनारायण गोएंकांनी ती १९६९ मध्ये आणली आणि १९७६ पासून इगतपुरीचं धम्मगिरी उभं राहिलं. त्याच म्यानमारमध्ये सप्टेंबर २००७ मध्ये हजारो भिक्खू मैत्रीसूत्र म्हणत लष्करी राजवटीविरुद्ध अनवाणी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी गोळ्या झेलल्या. जगानं पाहिलेला तो मोठा क्षण होता. पण दहा वर्षांनी त्याच देशातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमानांना बांगलादेशात पळावं लागलं, आणि त्याआधी त्यांच्याविरुद्ध विष पेरणाऱ्यांत चीवर घातलेले काही भिक्खूही होते. त्यांनाही ते सूत्र पाठ होतं. ओठांवरची मैत्री आपल्यातल्याच माणसांपुरती राहिली की काय होतं, हे तिथं दिसलं. आपल्याकडंही विहारात, मंदिरात, मशिदीत साऱ्या जगाचं कल्याण मागितलं जातं आणि बाहेर पडल्यावर पलीकडची वस्ती त्या जगात मोजली जात नाही. म्हणून समितीचा सराव सगळ्या वस्त्यांच्या माणसांनी एकत्र बसूनच व्हावा. वेगवेगळं बसून केलेल्या मैत्रीची खात्री देता येत नाही.

आपल्या माणसांपलीकडं पोचणाऱ्या मैत्रीचं नांदेडला तर फार जवळचं उदाहरण आहे. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये गोदावरीकाठी देह ठेवला आणि तख्त सचखंड श्री हजूर साहिब इथं उभं आहे. त्याआधी आनंदपूरच्या लढायांत त्यांचा एक शीख, भाई कन्हैया, पखाल घेऊन रणांगणात फिरायचा आणि जखमी मोगल सैनिकांनाही पाणी पाजायचा. शत्रूला पाणी पाजतो म्हणून त्याची तक्रार गुरूंकडं गेली. शीख परंपरा सांगते की मला कुणात शत्रू दिसत नाही, तुम्हीच सगळीकडं दिसता, असं उत्तर त्यानं दिलं. गुरूंनी त्याच्या हाती मलमही दिलं, पाण्यासोबत जखमांना लावायला. लढाई मात्र थांबवली नाही. अन्यायाशी लढणं आणि समोरच्या जखमीला पाणी देणं या दोन्ही गोष्टी एकाच छावणीत, एकाच दिवशी चालल्या होत्या.

ही गोष्ट पोलीस पाटलांनी विशेष लक्षात घ्यावी. मैत्री भावना म्हणजे फिर्याद मागं घेणं नव्हे. अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवायला आलेल्याला समजावून परत पाठवणं तर नव्हेच. गुन्हा नोंदवावा, पंचनामा नीट व्हावा, साक्षीदाराला संरक्षण मिळावं, न्यायालयानं शिक्षा द्यावी. हे सगळं करतानाही आरोपीचं वाईट न चिंतणारा अधिकारी असू शकतो आणि असे अधिकारी झाले आहेत. एप्रिल १९९४ मध्ये तिहार तुरुंगात हजाराहून अधिक कैदी एकाच शिबिरात विपश्यनेला बसले, तेव्हा किरण बेदी तिथं महानिरीक्षक होत्या. महाराष्ट्रात नाशिकरोड आणि येरवड्याच्या तुरुंगांतही शिबिरं झाली. दहाव्या दिवशी मंगल मैत्री शिकवतात, तेव्हा खुनाची शिक्षा भोगणारी माणसंही त्यात असतात. त्यांची शिक्षा कुणी कमी करत नाही.

साधनं शोधायला लांब जायला नको. नांदेडजवळ नेरलीत धम्म निरंजन हे विपश्यना केंद्र आहे. अर्धापूर तालुक्यात दाभडच्या बावरीनगर महाविहारात दरवर्षी पौष पौर्णिमेच्या सुमारास धम्म परिषद भरते आणि तिला साऱ्या मराठवाड्यातून माणसं येतात. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजेची सवलत आहे, ग्रामसेवकापासून तलाठ्यापर्यंत कुणीही तिची चौकशी करावी. शाळांसाठी शिक्षण विभागानं २०१२ मध्ये ‘मित्र’ उपक्रम सुरू केला होता, रोज काही मिनिटं आनापान म्हणजे श्वासाचं भान. त्यासाठी शिक्षकांना शिबिरांना पाठवलं गेलं. तालुक्यातल्या कोणत्या शाळांत तो अजून चालतो, याची चौकशी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं समितीनं करावी, आणि बंद पडला असेल तिथं पुन्हा सुरू करण्याचा आग्रह धरावा. दहावी झाल्यावर मुलं मिरवणुकीतल्या गटांत ओढली जातात. त्याआधीची वर्षं हातची जाऊ नयेत.

आणि ध्यानातून उठल्यावर हातपाय हलले नाहीत तर त्या ध्यानाचा गावाला उपयोग नाही. १९७८ च्या दंगलीचं निमित्त विद्यापीठाचं नाव होतं, पण आतला सल जमिनीचा, मजुरीचा आणि शिकून पुढं जाणाऱ्या पोरांचा होता. गायरानाचा प्रश्न मराठवाड्यात आजही धगधगतो. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला, तरी सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून माणसं अजून तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. एकनाथ आवाडांनी बीडकडं मानवी हक्क अभियानातून हा लढा उभा केला होता. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळानं घेतला, तरी आपल्या गावच्या पाटीवर काय लिहिलं आहे ते एकदा जाऊन बघावं. स्मशानाचा रस्ता हा तर मुळात वाद होण्याचा विषयच नाही. तरीही पावसाळ्यात प्रेत चिखलातून न्यावं लागतं आणि बाजूच्या शेताचा मालक बांध सोडत नाही. तेलंगणात पोचमपल्लीला १८ एप्रिल १९५१ रोजी विनोबांसमोर भूमिहीनांनी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी उभं राहून शंभर एकर दिली. तेव्हा ते गाव आणि आपलं नांदेड एकाच हैदराबाद राज्याच्या नकाशात होतं. तिथं कम्युनिस्ट आणि जमीनदार यांच्यातल्या हिंसेनं रान पेटलं असताना हे घडलं. आपल्याकडं कुणी शंभर एकर द्यायला नको, स्मशानापर्यंतचा दहा फुटांचा रस्ता दिला तरी पुष्कळ.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. किती तंटे मिटवले याचे आकडे भरले गेले, बक्षिसं मिळाली, त्यातून कुठं सभागृह झालं, कुठं पाणपोई. पुढं मोहिमेचा जोर ओसरला, समित्या कागदावर राहिल्या. पण त्या अजून आहेत, आणि अनेक गावांत दोन बाजूंची माणसं एका चटईवर बसवू शकणारी तेवढीच एक जागा उरली आहे. यात महिलांना, बचत गटातल्या आणि आशाताईंना, नुसत्या सहीपुरतं न ठेवता बसवावं. कोणत्या घरात काय धुमसतं आहे ते त्यांना आधी कळतं.

सुरुवात कधी करायची, हे आपण ठरवावं. एक सुचवावंसं वाटतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोचिराम कांबळे यांचा स्मृतिदिन येतो. आजवर तो बौद्ध वस्त्यांनीच पाळला. या वर्षी तो साऱ्या गावानं पाळावा, ज्यांच्या वाडवडिलांनी तेव्हा दारं बंद करून घेतली त्यांनीही, आणि त्याच संध्याकाळी पहिला सराव व्हावा. जागा जिल्हा परिषदेच्या शाळेची घ्यावी, कारण तिथं कुणालाच परकं वाटत नाही. पुढच्या आठवड्यांत बुद्धविहार, मंदिराचा सभामंडप आणि दर्ग्याचं आवार आलटून पालटून घेता येईल. शिकवणारं माणूस पहिल्या दोन-तीन वेळा नेरलीहून किंवा जवळच्या विहारातून बोलावावं. शिकवणाऱ्यासाठीचा अर्ज आताच पाठवला तर ऑगस्टपर्यंत वेळ मिळेल.

कळावे,
आपल्याच जिल्ह्यातला एक स्नेही